इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष वाया न घालवता नीट कसं वापरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहावीपर्यंत मराठी माध्यम, गाव सोडून पुण्यात आलात, कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या फेरीत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, वर्ग आधीच सुरू झालेत, आता अभ्यास, कोडिंग, क्लब यांतलं काय धरायचं?

माझं मत सरळ आहे. पहिल्या वर्षी एकही विषय मागे राहू द्यायचा नाही, बाकी सगळं त्यानंतर. राहिलेल्या विषयाची परीक्षा पुढच्या सत्राच्या परीक्षांच्या गर्दीतच द्यावी लागते, मग एकाच्या पायी दोन विषय बुडतात. शिवाय कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची पहिली अट साधारण ६० टक्के आणि ‘लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) नको’ अशीच असते. एटीकेटीचे, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात जाण्याच्या सवलतीचे, नियम पॅटर्नप्रमाणे (अभ्यासक्रमाच्या आवृत्तीप्रमाणे) बदलतात, तेव्हा सीनियरने सांगितलेलं धरून न चालता तुमच्या पॅटर्नची नियमावली विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या.

उशिरा आलात म्हणजे सुरुवातीचे दोन-तीन आठवडे हुकलेत. सगळ्या विषयांच्या नोट्स उतरवत बसू नका, झेरॉक्स काढा. वेळ फक्त दोन विषयांना द्या: एम-वन (पहिल्या सत्रातलं गणित) आणि ग्राफिक्स (इंजिनिअरिंग ड्रॉइंग). हे दोन्ही वाचून येत नाहीत, हात बसावा लागतो. एम-वनमध्ये पार्शल डिफरन्सिएशन आणि मॅट्रिक्स या भरवशाच्या गुणांच्या जागा. रोज पाच गणितं, पण उत्तर झाकून, शेवटपर्यंत. सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचून ‘कळलं’ म्हणणारेच परीक्षेत तिसऱ्या ओळीला अडकतात. बारावीचं इंटिग्रेशन कच्चं असेल तर दिवाळीच्या सुट्टीत तेवढंच पक्कं करा. दुसऱ्या सत्रातलं एम-टू त्यावरच उभं आहे, आणि एम-टूमधली डिफरन्शियल इक्वेशन्स दुसऱ्या वर्षी एम-थ्रीत पुन्हा भेटतात.

ग्राफिक्सबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हुशार मुलंही इथे घसरतात. साहित्य: मिनी ड्राफ्टर (बोर्डला अडकवून समांतर रेषा काढायचं उपकरण), बांधणीच्या रेषांना २एच, अंतिम रेषांना एच किंवा एचबी, चांगला खोडरबर आणि ड्रॉइंग क्लिप. ड्राफ्टर बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात घट्ट बसवा आणि शीट सुरू करण्याआधी वर-खाली दोन आडव्या रेषा मारून त्या समांतर येतात का बघा. स्क्रू सैल असेल तर अख्खी शीट तिरकी जाते आणि ते शेवटी लक्षात येतं. बांधणीच्या रेषा फिकट काढा, पण खोडू नका. उत्तर कसं आलं हे त्यांतूनच दिसतं. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत आहे: फ्रंट व्ह्यू वर, टॉप व्ह्यू त्याच्या खाली, आणि डावीकडून पाहिलेला व्ह्यू उजवीकडे. सवयीने डावीकडचा डावीकडेच काढला की गुण गेले.

दुसरा सापळा आयसोमेट्रिकचा, म्हणजे वस्तूच्या तीन बाजू एकाच चित्रात दाखवण्याचा. प्रश्नात ‘व्ह्यू’ म्हटलंय की ‘प्रोजेक्शन’, हे आधी अधोरेखित करा. व्ह्यूमध्ये मापं खरी घ्यायची, प्रोजेक्शनमध्ये आयसोमेट्रिक स्केलवरची, म्हणजे सुमारे ०.८१६ पट, ६० मिमीची बाजू ४९ मिमी होते. ठोकळ्यावर २० मिमी त्रिज्येचा गोल (स्फिअर) ठेवलाय आणि प्रोजेक्शन मागितलंय असं समजा. गोलाचं केंद्र ठोकळ्याच्या माथ्यापासून १६.३ मिमीवर घ्यायचं, वर्तुळ मात्र पूर्ण २० मिमी त्रिज्येचं काढायचं, कारण गोल कुठूनही बघितला तरी तेवढाच दिसतो. वर्गातली निम्मी मुलं इथे दोन्ही मापं सारखीच घेतात.

हजेरीचा हिशोब विषयवार ठेवा. ७५ टक्के म्हणजे ४० तासांच्या विषयात १० तासांची मुभा. गणपती आणि दिवाळीला गावी जाताना दोन-दोन दिवस जोडले की त्यातले तीन-चार तास तिथेच जातात. प्रॅक्टिकल आठवड्यातून एकदाच असतं, तिथे तीन बुडाले तरी पंचाईत. जर्नल (प्रयोगवही) त्याच आठवड्यात लिहून सही घ्या. सत्राच्या शेवटी सबमिशनच्या रांगेत सर भेटत नाहीत, आणि रात्रभर जागून उतरवलेल्या जर्नलमधलं ओरलला (तोंडी परीक्षेला) काही आठवत नाही. परीक्षक जर्नलचं कुठलंही पान उघडून ‘हा प्रयोग कशासाठी, या राशीचं एकक काय, रीडिंग चुकलं तर कशामुळे’ एवढंच विचारतात. प्रत्येक प्रयोगाची ही तीन उत्तरं आधी मराठीत समजून घ्या, मग साध्या इंग्रजीत दोन-दोन ओळींत लिहून मोठ्याने म्हणा. इंग्रजीची भीती यातूनच जाते. त्यासाठी वेगळा क्लास लावण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज ते सुरू होताच भरा. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, आधारला डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी) जोडलेल्या खात्यात जातात. कुठलं खातं जोडलंय ते बँकेत विचारून खात्री करा. नुसतं केवायसीला आधार दिलं म्हणजे ते जोडलं गेलं असं नाही. अर्ज भरला की काम संपलं असंही नाही. कागद अपुरा असेल तर कॉलेजच्या लॉगिनवरून तो परत येतो आणि मुलांनी महिनोन् महिने बघितलेलंच नसतं. आठवड्यातून एकदा स्थिती तपासा. मैत्रिणी असतील तर त्यांनाही सांगा: कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर कॅपमधून आलेल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे.

कोडिंगला पहिल्या सत्रात दिवसाला अर्धा तास पुरे, आणि भाषा एकच; अभ्यासक्रमात जी असेल ती. कॉपी-पेस्ट न करता प्रोग्रॅम हाताने टाइप करा. दुसऱ्या सत्रात एनपीटीईएलचा (आयआयटी वगैरेंच्या ऑनलाइन वर्गांचा) एखादा कोर्स घेता येईल. शिकणं फुकट आहे, फी फक्त परीक्षेची, आणि बारा आठवड्यांच्या कोर्सला उत्तम आठ असाइनमेंट्सचे २५ टक्के गुण धरतात.

क्लब एकच निवडा. पुण्यात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमी नेमक्या सत्राच्या सुरुवातीला ऐन रंगात असतात. पहिल्या वर्षी बॅकस्टेजला राहा, माणसं तिथेच मिळतात. भूमिकेचं पुढच्या वर्षी बघू.

निकालात एखादा विषय अनपेक्षितपणे गेला तर लगेच फोटोकॉपीसाठी अर्ज करा. मुदत थोड्याच दिवसांची असते. उत्तरपत्रिका हातात आली की आधी बेरीज आणि न तपासलेले प्रश्न बघा, विषयाच्या सरांना दाखवा, आणि ते म्हणाले तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. दरम्यान त्या विषयाचा अभ्यास चालूच ठेवा, कारण पुनर्मूल्यांकनाचा निकाल कधीकधी बॅकलॉगच्या परीक्षेच्या तोंडावर लागतो.