टोकन ते ताबा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ठाण्यात 80 लाखांना रीसेलचा फ्लॅट ठरलाय. एजंट दोन टक्के मागतोय. घरं तर त्याने तीनच दाखवली. टोकन, म्हणजे बयाणा, दिल्यावर त्याचं काम उरतं तरी काय?

उत्तर : टोकननंतरही भरपूर काम उरतं, आणि निम्मं तर टोकनच्या आधीच व्हायला हवं. घर दाखवण्याचे दोन टक्के जास्तच आहेत. व्यवहार ताब्यापर्यंत नेण्याचे असतील तर रक्कम वाजवी म्हणता येईल. (एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर दलालीवर 18 टक्के वेगळे. हे आधीच विचारून घ्या.)

टोकनआधी त्याने कागदांची चेन हातात घेऊन तपासलेली असावी. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचा प्रत्येक करारनामा, प्रत्येकाचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा, आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. सर्टिफिकेटची मागची बाजू बरेच जण पाहतच नाहीत. कोणाकडून कोणाकडे शेअर गेले आणि कधी, याच्या नोंदी तिथे असतात. मधली एक नोंद राहिली असेल तर ती सोसायटीकडून करून घ्यायला दोन-तीन आठवडे सहज जातात. करारनाम्यावर माहेरचं आणि पॅनवर सासरचं नाव, ही दुसरी नेहमीची अडचण. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र वेळेत मिळालं तर ती लगेच सुटते. रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी कळली तर तारीख जाते.

सहमालकांपैकी कोणी वारलेलं असेल तर जास्त जपा. नॉमिनीच्या नावावर शेअर चढले म्हणून तो मालक ठरत नाही. बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर टोकन देऊच नका. जाणता एजंट स्वतःच थांबवतो. घाईतला एजंट “नंतर करून घेऊ” म्हणतो.

मग हिशोब. कर्ज 30 लाखांच्या वर आणि 75 लाखांपर्यंत असेल तर बँक घराच्या किमतीच्या कमाल 80 टक्के देऊ शकते, म्हणजे तुम्हाला 64 लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्यात धरत नाहीत. ठाण्यात मुद्रांक 7 टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30 हजार. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्क्याची सवलत आहे. 16 लाखांचा स्वतःचा हिस्सा आणि हे दोन्ही मिळून 21 लाख 90 हजार तुमच्या खात्यात तयार हवेत. दलाली आणि सोसायटीचा खर्च त्याहून वेगळा.

शिवाय बँक ठरलेली किंमत आणि तिचं स्वतःचं व्हॅल्युएशन यांतला कमी आकडा धरते. व्हॅल्युएशन 76 लाख आलं तर कर्ज 60 लाख 80 हजारांवर येतं आणि 3 लाख 20 हजारांचा खड्डा पडतो. म्हणून बँकेकडून तांत्रिक पाहणी लवकर करून घेणं, आणि कर्ज मंजूर झालं नाही तर टोकन परत मिळेल अशी अट लेखी घालून घेणं, ही दोन कामं एजंटाकडून हट्टाने करून घ्या.

प्रश्न : विक्रेत्याचं त्या फ्लॅटवर 22 लाखांचं कर्ज बाकी आहे. आम्हीही दुसऱ्या बँकेकडून कर्ज घेतोय. मूळ कागद त्याच्या बँकेत अडकलेत. पैसे कोणी, कोणाला, कधी द्यायचे?

उत्तर : एजंटाची सगळ्यात जास्त धावपळ अशाच व्यवहारात होते. दोन बँका, दोन शाखा, आणि एकमेकांशी बोलायची कोणालाच घाई नाही.

विक्रेत्याने आपल्या बँकेकडून दोन कागद मागायचे : फोरक्लोजर लेटर, म्हणजे अमुक तारखेपर्यंत कर्ज फेडायला किती लागतील त्याचं पत्र, आणि एलओडी, म्हणजे बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी. हे दोन्ही पाहून तुमची बँक मंजुरी देते. करारनामा नोंदला गेला आणि तुमचा हिस्सा दिल्याचा पुरावा बँकेला मिळाला की ती दोन पे ऑर्डर काढते. एक थेट विक्रेत्याच्या कर्जखात्याच्या नावाने, दुसरी उरलेल्या रकमेची विक्रेत्याच्या नावाने. पहिलीने कर्ज बंद झालं की मूळ कागद विक्रेत्याच्या हातात न जाता थेट तुमच्या बँकेकडे जातात.

घोळ आकड्यात होतो. फोरक्लोजर लेटरवरची रक्कम एका तारखेपुरतीच खरी असते. 22 लाखांवर 9 टक्के दर धरला तर व्याज रोजचं साधारण 540 रुपये. पे ऑर्डर दहा दिवस उशिरा पोचली तर सुमारे 5,400 रुपये कमी पडतात, खातं उघडंच राहतं आणि कागद सुटत नाहीत. मध्येच ईएमआय कापला गेला तर आकडा उलट दिशेने बदलतो. यावर दोन साधे उपाय आहेत. पत्रात रोजचं व्याज वेगळं लिहून घ्यायचं, आणि पे ऑर्डर काढायच्या आदल्या दिवशी आकडा पुन्हा विचारायचा. फरक विक्रेता आपल्या खात्यातून भरेल असं करारनाम्यात आधीच लिहून ठेवा. चांगला एजंट त्या दिवशी विक्रेत्याला शाखेत घेऊनच जातो, म्हणजे कमी पडलेले पैसे तिथल्या तिथे भरता येतात.

कर्ज फ्लोटिंग दराचं असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत करायचे असा रिझर्व्ह बँकेचा 2023चा आदेश आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. या आदेशाचा नुसता उल्लेख केला तरी कागद शोधायचं काम वेग घेतं.

तुमच्या कर्जाचं गहाण इक्विटेबल, म्हणजे फक्त मूळ कागद बँकेकडे ठेवून केलेलं, असेल तर त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची सूचना, निबंधकांकडे 30 दिवसांत नोंदवावी लागते. बँकेचा प्रतिनिधी आठवण करून देतोच असं नाही.

प्रश्न : टीडीएस विक्रेत्याने भरायचा की खरेदीदाराने? एजंट म्हणतो “सीए बघेल.”

उत्तर : टीडीएस म्हणजे किमतीतून आधीच कापून सरकारला भरायचा आयकर. तो कापायचा आणि भरायचा खरेदीदाराने. किंमत किंवा सरकारी बाजारमूल्य 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर दोन्हींतल्या मोठ्या आकड्याच्या 1 टक्का. ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून 30 दिवसांत ऑनलाइन भरायचा. 80 लाखांच्या व्यवहारात, बाजारमूल्य त्याहून जास्त नसेल तर, 80 हजार. ते विक्रेत्याच्या रकमेतून वजा होतात, वर द्यायचे नाहीत. खरेदीदार दोन आणि विक्रेते दोन असतील तर प्रत्येक जोडीचा वेगळा, असे चार फॉर्म भरावे लागतात. इथे हमखास चूक होते, आणि नोटीस दीड वर्षाने येते.

एजंटाने एकच गोष्ट आधी तपासून दिली तरी पुष्कळ झालं : विक्रेत्याचं पॅन आधारशी जोडलेलं आणि चालू आहे ना? निष्क्रिय पॅनवर कपात 1 नाही, 20 टक्के होते. विक्रेता अनिवासी असेल तर हा 1 टक्क्याचा नियम लागूच होत नाही. त्या व्यवहारात टोकनआधीच सीए गाठा.

प्रश्न : सोसायटी एनओसीसाठी, म्हणजे ना-हरकत दाखल्यासाठी, दीड लाख “डोनेशन” मागते. एजंट म्हणतो देऊन टाका, वेळ वाचेल.

उत्तर : महापालिका हद्दीत हस्तांतर प्रीमियम कमाल 25,000 रुपये. हे 9 ऑगस्ट 2001च्या शासन परिपत्रकापासून ठरलेलं आहे. त्याशिवाय ट्रान्सफर फी 500 आणि प्रवेश फी 100. देणगीच्या नावाने वर काही घेता येत नाही. उपविधींप्रमाणे सभासदाने हस्तांतराच्या इराद्याची 15 दिवसांची नोटीस सोसायटीला द्यायची असते. हस्तांतरासाठी एनओसी सक्तीची नाही. पण कर्ज देणारी बँक ती मागतेच, त्यामुळे “नियमात नाही” म्हणून भागत नाही.

एजंटाचं कसब इथे दिसतं. नोटीस टोकनच्याच आठवड्यात द्यायची, पोच घ्यायची, विक्रेत्याची मेंटेनन्सची थकबाकी शून्य करायची आणि पार्किंग कोणाच्या नावावर आहे ते लेखी मागायचं. मग कमिटीला अडवायला फारसं काही उरत नाही. “देऊन टाका” म्हणणारा एजंट तुमच्या पैशांनी स्वतःचा वेळ वाचवतो. कमिटी हटून बसली तर उपनिबंधकांकडे तक्रारीची वाट आहे. मात्र तिला वेळ लागतो, म्हणून नोटीस लवकर गेलेली बरी.

प्रश्न : रजिस्ट्रेशनच्या दिवशी काय काय बिघडतं? आईवडीलही सहखरेदीदार आहेत, दोघं सत्तरीच्या पुढचे.

उत्तर : बहुतेक घोळ आदल्या दोन दिवसांतच झालेले असतात, दुय्यम निबंधक कार्यालयात ते फक्त उघडे पडतात. दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरतात, तिला पीडीई म्हणतात. तिचा 11 अंकी क्रमांक कार्यालयात उघडला जातो आणि त्याच मजकुरातून इंडेक्स टू छापला जातो. ही नोंद सहसा एजंटाकडे किंवा वकिलाकडे कामाला असलेला मुलगा घाईत भरतो. तिचा प्रिंट मागवून स्वतः वाचा : नावांचं स्पेलिंग, पॅन, फ्लॅट नंबर, विंग, मजला, आणि क्षेत्रफळाचं एकक. करारनाम्यात चौरस फूट आणि नोंदीत चौरस मीटर समजून तोच आकडा, असं सर्रास होतं. नोंदणीनंतर ही चूक सुधारायला चूक दुरुस्ती पत्र करावं लागतं, आणि त्यासाठी विक्रेत्याला पुन्हा बोलवावं लागतं. तो तोवर दुसऱ्या गावी गेलेला असतो.

मुद्रांक आणि फीचं ई-चलन ‘ग्रास’ या सरकारी पोर्टलवर भरताना पक्षकारांची नावं आणि मालमत्तेचं वर्णन दस्ताशी जुळलं पाहिजे. स्कॅनिंगचे पानामागे 40 रुपये वेगळे भरतात. पानं वाढली की हे चलन कमी पडतं, तेव्हा पानं मोजूनच भरा.

आईवडिलांसाठी : वयामुळे बोटांचे ठसे झिजतात आणि आधारची पडताळणी नापास होते. आदल्या दिवशी ओळखीच्या आधार केंद्रात ठसे उमटतात का ते पाहा. बायोमेट्रिक लॉक केलं असेल तर उघडा. आधारशी जोडलेला मोबाइल सोबत ठेवा. तरीही भरवसा नसेल तर पक्षकारांना ओळखणारे दोन ओळखदार त्यांच्या ओळखपत्रांसह तयार ठेवा. एजंटाने वेळ आधी आरक्षित केलेली असावी आणि रांगेतल्या पहिल्या काही क्रमांकांतली असावी. दुपारनंतर सर्व्हर रेंगाळला की ज्येष्ठांना बाकावर तासन् तास बसावं लागतं. कार्यालय वरच्या मजल्यावर आहे का आणि लिफ्ट चालू आहे का, हे विचारून ठेवणारा एजंट भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

व्यवहार मार्चअखेरीला असेल तर बाजारमूल्याचे नवे दर 1 एप्रिलला येतात. मुद्रांक भरून सह्या मार्चमध्ये झाल्या तर नोंदणीला सहीपासून चार महिने मिळतात आणि जुना दर टिकतो. 31 तारखेच्या रांगेत उभं राहायचं कारण नाही.

प्रश्न : एजंट फार मदत करतो. टोकन त्याच्याकडे रोख ठेवायला सांगतो, मुद्रांकही “माझ्या खात्यातून भरतो” म्हणतो. चालेल?

उत्तर : नाही. स्थावराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. पैसे तुमच्या खात्यातून थेट विक्रेत्याच्या आणि सरकारच्या खात्यात. एजंटाने धावपळ करावी, रांगेत उभं राहावं, बँकेत फोन करावेत. पैसे धरू नयेत, कोऱ्या कागदावर सह्या घेऊ नयेत, कोणाचा ओटीपी मागू नये.

प्रश्न : रीसेलसाठी एजंट महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे, नोंदलेला हवाच का?

उत्तर : कायद्याने ही सक्ती बिल्डर विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पांतल्या घरांपुरती आहे. तरी नोंदणी आणि महारेराचं सक्षमता प्रमाणपत्र असलेला एजंट घेतलेला बरा, परीक्षा देण्यापुरता तरी कायदा त्याने वाचलेला असतो.

प्रश्न : दलाली कधी द्यावी?

उत्तर : दोन भागांत, आणि हे टोकनच्याच वेळी लेखी ठरवावं. अर्धी करारनामा नोंदल्यावर, अर्धी ताब्यानंतर. पूर्ण दलाली रजिस्ट्रेशनच्या दिवशी दिली की फोन उचलले जात नाहीत, अशी तक्रार या सदराकडे वारंवार येते. ताब्याच्या दिवशी एजंटाने हजर राहून वीज आणि पाइप गॅसच्या मीटरचे आकडे फोटोसह ताबा पावतीत लिहून घ्यावेत, पंखे-गीझरसारख्या ठरलेल्या वस्तू मोजून घ्याव्यात, सगळ्या चाव्या घ्याव्यात, टपालपेटीची विसरते. त्यानंतर सोसायटीत हस्तांतराचे अर्ज, महावितरणकडे आणि मालमत्ता करात नावबदल. हे अर्ज भरून पोचपावत्या तुमच्या हातात दिल्या की उरलेली अर्धी रक्कम द्या.