सिग्नल पिवळा झाला की चालक थांबणार की दामटणार, हे डेटा मायनिंगने (म्हणजे साठवलेल्या माहितीतून नमुने शोधून) ओळखता येतं का?

येतं. पण ज्यांचं हमखास ओळखता येतं, त्यांचं ओळखून फारसा उपयोग नसतो.

एम. टेक.च्या प्रोजेक्टसाठी मी पुण्यातल्या एका चौकात गच्चीवरून व्हिडिओ घेतला होता. पिवळा लागला त्या क्षणी प्रत्येक गाडी स्टॉप लाइनपासून किती लांब, वेग किती, दुचाकी की रिक्षा की कार, असा तक्ता केला आणि डिसिजन ट्री चालवला, म्हणजे एकेका प्रश्नावर फांद्या फोडत उत्तराचा अंदाज बांधणारी पद्धत. पहिल्याच दिवशी अचूकता जवळजवळ शंभर टक्के! नाचत सरांकडे गेलो. त्यांनी पहिली फांदी बघितली आणि हसले. मी ‘स्टॉप लाइनवरचा वेग’ हाही रकाना दिला होता. थांबलेल्याचा वेग तिथे शून्यच असणार की. म्हणजे उत्तरच प्रश्नात घालून दिलं होतं.

तो रकाना काढल्यावर खरं काम सुरू झालं. गणित असं आहे: ताशी 50 किमी म्हणजे सेकंदाला 14 मीटर. पिवळा 3 सेकंदांचा असेल तर तेवढ्यात गाडी 42 मीटर जाते. थांबायचं तर एक सेकंद भानावर यायला आणि मग बेताचा ब्रेक, मिळून 46 मीटर लागतात. 42 ते 46च्या मध्ये सापडलेला धड थांबू शकत नाही, धड लाइनही गाठू शकत नाही. वेग 60 केला की हाच पट्टा 50 ते 63 मीटर होतो. गॅझिस, हर्मन आणि मॅराडुडिन या संशोधकांनी हा पेच 1960 सालीच मांडला. त्याला डायलेमा झोन म्हणतात.

ट्रीची पहिली फांदी बहुधा ‘याच वेगाने लाइनपर्यंत किती सेकंद?’ यावर फुटते. एक सेकंदावरचा जातो, आठ सेकंदांवरचा थांबतो. ते कुणीही सांगेल. साधारण अडीच ते साडेपाच सेकंदांवरच्यांचीच खरी ओढाताण असते, म्हणून अचूकता तेवढ्यांचीच वेगळी मोजा.

आणि पुढची गाडी थांबली म्हणून थांबलेल्याला डेटातून काढा. त्याने निर्णय घेतलेलाच नसतो. आपल्याकडे तेही सरळ नाही, कारण कारमागची स्कूटर फटीतून पुढे सटकते. ती रांगेत धरायची की पहिली, हे ठरवण्यात माझे तीन आठवडे गेले. शेवटी शेजारून जायला जागा होती का, एवढा एक रकाना वाढवला. तो रकाना व्हिडिओ थांबवून थांबवून हातानेच भरावा लागला.