ख्रिसमसच्या सुट्टीत मनिलाला जातोय. तिथे थिएटरमध्ये हॉलिवूडचे नवे सिनेमे बघायला मिळतील का?

बहुतेक नाही. २५ डिसेंबरपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे ‘मेट्रो मनिला फिल्म फेस्टिव्हल’ असतो आणि त्या काळात देशभरच्या थिएटरांत जवळपास फक्त फिलिपिनो सिनेमेच लागतात. नावात मनिला असलं तरी सेबू, दावाओलाही तेच.

सुरुवात १९७५ची. आयोजन कोणा फिल्म क्लबकडे नाही, तर शहराची वाहतूक आणि पूरनियंत्रण बघणाऱ्या महानगर प्राधिकरणाकडे. (आपल्याकडे एमएमआरडीएने सिनेमे निवडल्यासारखं!) पास वगैरे भानगड नाही, नेहमीसारखं तिकीट काढायचं. आठ-दहा सिनेमे निवडले जातात. हातात बोनस असतो, सगळं घर सुट्टीवर, त्यामुळे निर्माते वर्षभर याच दिवसांवर डोळा ठेवून असतात.

दर्जा? मिश्र. कौटुंबिक विनोदी आणि भुताखेतांचे सिनेमे भरपूर, पण इश्माएल बेर्नालचा ‘हिमाला’ही १९८२मध्ये इथेच सर्वोत्कृष्ट ठरला होता. २०१६मध्ये निवड समितीने नेहमीचे गल्लाभरू सिनेमे बाजूला ठेवून स्वतंत्र धाटणीचे निवडले, तर केवढा वाद झाला! त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक हाँगकाँगमधल्या फिलिपिनो घरकामगार बायकांवरच्या माहितीपटाला मिळालं. माझ्या मते ती निवड योग्यच होती.

ख्रिसमसच्या काही दिवस आधी पोचणार असाल तर चित्ररथांवरून निघणारी कलाकारांची मिरवणूक चुकवू नका. आणि तिकीट काढताना इंग्रजी सबटायटल्स आहेत का ते विचारून घ्या.