रेडिएशन रोज घरून जाऊन घेतलं म्हणून क्लेम नाकारला, आता काय करायचं?

ताई, सोलापूरहून आलेलं तुमचं पत्र आणि सोबतचे कागद बघितले. मिस्टर कंडक्टर, आवाज बसला तो सुटेचना, बायोप्सीत स्वरयंत्राचा अगदी पहिल्या स्टेजचा कॅन्सर निघाला, 28 रेडिएशन झाली, आता तब्येत बरीये, आणि विमा कंपनी म्हणते ॲडमिट नव्हते म्हणजे ओपीडी झाली, वर फॉर्ममध्ये बिडी लपवली. हे दोन वेगळे मुद्दे आहेत, उत्तरं पण वेगळी द्या.

पहिल्यात फारसा दम नाही. हे रेडिएशन असंच असतं, आठवड्यातले पाच दिवस जायचं, मास्क लावून मशीनखाली काही मिनिटं पडायचं की घरी, असे साडेपाच आठवडे, त्यासाठी बेड कोण देणार? पॉलिसीच्या बुकलेटमध्ये मागे डे केअरची, म्हणजे रात्रभर ॲडमिट न होता होणाऱ्या उपचारांची, यादी असते, त्यात रेडिओथेरपी बहुतेक असतेच, त्या पानाची झेरॉक्स काढा. आणि डॉक्टरांकडून लेटरहेडवर घ्या की इथे लेसरने ऑपरेशन नाहीतर रेडिएशन हेच मुख्य पर्याय होते आणि रेडिएशनला ॲडमिट करावं लागत नाही. ऑपरेशन केलं असतं तर पैसे मिळाले असते ना, हे कंपनीला स्पष्ट विचारा.

बिडीचं मात्र जपून. केस पेपरवर "बिडी, 20 वर्षं" लिहिलंय, फॉर्मवर एजंटने "नाही" टिक केलंय आणि खाली सही मिस्टरांची. तेव्हा "ते कधी ओढतच नव्हते" असलं काही तक्रारीत लिहू नका, केस पेपर कंपनीकडे आधीच आहे, उगाच खोटे पडाल. तुमचा खरा आधार वेगळाच आहे, पॉलिसी 7 वर्षं खंड न पडता चालू आहे. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएच्या 2024 च्या नियमाप्रमाणे सलग 60 महिने झाले की माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच, आणि ती कंपनीने सिद्ध करायची. एक मेख आहे, मध्येच कव्हर 3 चं 5 लाख केलं असेल तर वाढीव 2 लाखांचे 60 महिने वाढवल्या तारखेपासून मोजतात. रिन्यूअलच्या सगळ्या पावत्या लावून ते आधी बघा.

एजंटला केलेले फोन कशातच धरत नाहीत. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी मेल टाका, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही की पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा, त्यानंतर एक वर्षाची मुदत असते. फी नाही आणि तिथे वकील चालत नाही, म्हणजे माझ्यासारख्या वकिलाचा खर्चही वाचला. ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच, दोन वर्षांची मुदत, पण तिथे केस टाकून ठेवलीत तर लोकपाल तुमची तक्रार घेणार नाहीत, म्हणून आधी लोकपाल.