नाटकाच्या कॉलेजचं नाटक बघायला जाताना नांदी चुकवू नका

प्रश्न : ताई नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, सेकंड पीयूसी म्हणजे बारावी आर्ट्सला आहे. गाण्याची मध्यमा प्रथम ही परीक्षा झालीय आणि मला नाटकाचंच शिकायचंय, त्यातही गाणं असलेलं नाटक. पुणे, कोल्हापूर आणि एक खाजगी कॉलेज अशी तीन नावं काढलीत पण तिघांच्या वेबसाइटवर फोटो सारखेच, मजकूरही सारखाच, काही कळतच नाही. खाजगी कॉलेजच्या संगीत नाटकाचा व्हिडिओ यूट्यूबवर बघितला, खूप भारी वाटला. आमचे सर म्हणतात, तिथं जाऊन त्यांचं नाटक प्रत्यक्ष बघ आणि मगच ठरव. पण मी आजवर गावच्या जत्रेतली नाटकं आणि बेळगावात लोकमान्य रंगमंदिरात दोन-तीन एकांकिका एवढंच बघितलंय. तिथं जाऊन नेमकं बघायचं काय? नाटक आवडलं म्हणजे कॉलेज चांगलं असं समजायचं का? घरी आई तयार आहे, बाबांना अजून पटवायचंय.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : अगं, तुझ्या सरांनी लाख मोलाचं सांगितलंय, जरूर जा. पण नाटक आवडणं वेगळं आणि कॉलेज चांगलं असणं वेगळं, ही गल्लत मी स्वतः केलीय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी अठरा वर्षांची असताना मामाबरोबर एका कॉलेजचं संगीत नाटक बघायला गेले होते, नाव नको. सेट असा की डोळे दिपावेत, नायिका गायला लागली तर अंगावर काटा आला, त्याच रात्री परतताना एसटीत मामाला म्हटलं की हेच कॉलेज. ॲडमिशन झाल्यावर कळलं की ती नायिका तिथली विद्यार्थिनी नव्हतीच, मानधन देऊन बाहेरून आणलेली, नायकही तसाच, आणि विद्यार्थी म्हणजे मागं चवऱ्या ढाळणारे आणि विंगेत पडदा ओढणारे. मी दोन वर्षं पडदा ओढला. ते काम हलकं नाही, वेळ साधायला मी त्यातनंच शिकले, पण मी गायला गेले होते आणि दोन वर्षांत स्टेजवर एक अख्खं पद माझ्या वाट्याला आलं नाही. आणि हे सगळं त्या पहिल्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर होतं गं, मी फक्त नायिकेकडं बघत बसले होते.

म्हणून पहिली गोष्ट, तू तिथं गेलीस की पहिलं वर्ष-दीड वर्ष नायिका होणार नाहीस, मागं उभी राहणाऱ्या पोरींमध्ये असणार. तर त्या पोरींकडं बघ. संगीत नाटकात ह्याची सोय सुरुवातीलाच असते, ती म्हणजे नांदी. सगळी मंडळी एकत्र उभी राहून गातात, कोण मोठा कोण छोटा काही नाही. त्या दोन-चार मिनिटांत कोपऱ्यातली पोरं खरंच गातायत की नुसते ओठ हलवतायत, सूर एकमेकांत मिसळतोय की दोन आवाज बाकीच्यांना झाकून टाकतायत, शब्द स्वच्छ येतायत का, हे नीट ऐक. जिथं कोपऱ्यातल्या मुलाचा सूर सुद्धा जागेवर असतो तिथं त्याला रोज कुणीतरी बसवून शिकवलंय, ते एका नाटकापुरतं होत नाही. त्यामुळं वेळेच्या आधी पोच, नांदी चुकली तर निम्मी माहिती गेली.

दुसरं म्हणजे पट्टी, गाताना ‘सा’ किती उंच धरायचा ते. तू गाणं शिकतेस तर हे तुला इतरांपेक्षा लवकर कळेल. जुन्या काळी माइक नव्हते, नट उंच पट्टीत गायचे आणि ती पदं तशीच कानात बसलीत, मग काही ठिकाणी पोरांना पण त्याच पट्टीत ताणायला लावतात. चांगला शिक्षक असेल तर मुलीला पेटीची काळी चार सोसते की पांढरी पाच हे बघून पट्टी धरतो, आणि मुलगा-मुलगी मिळून गायचं पद असेल तर दोघांना जमेल असं काहीतरी डोकं चालवतो. कुणी वरच्या षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत असेल आणि बाकीचे टाळ्या वाजवत असतील तर तू वाजवू नकोस, तो गळा बसायला वेळ लागत नाही. म्हणूनच जमलं तर पहिला प्रयोग सोडून दुसरा-तिसरा बघ. पहिल्या प्रयोगाला उत्साहावर निभावतं, तिसऱ्या दिवशी कुणाचे आवाज शाबूत आहेत त्यावरनं शिकवणं कळतं.

आणि पद आलं की नाटक थांबतंय का ते बघ. म्हणजे असं की आत्तापर्यंत भांडत असलेली बाई अचानक समोर तोंड करून हात जोडल्यासारखी उभी राहते, छान गाते, टाळ्या घेते आणि परत वळून भांडायला लागते. तसं असेल तर तिथं गाणं शिकवतात आणि नाटक शिकवतात पण दोन्ही एकत्र कसं करायचं ते शिकवत नाहीत. तुला ते एकत्र पाहिजे, हो ना? मग समोरचा नट काय करतोय ते बघ, ती गात असताना तो ऐकतोय का, का आपली पाळी यायची वाट बघत उभा आहे.

ऑर्गन आणि तबल्यावर कोण बसलंय ते विचार. विद्यार्थी असेल तर फार चांगलं, बाहेरचे जाणकार वादक असतील आणि मुलं त्यांच्या मांडीला मांडी लावून बसत असतील तरी चांगलं. सगळं ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या साथीवर चाललं असेल तर मात्र मी दोनदा विचार करीन, कारण ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, आणि नटाचा श्वास चुकला तर साथीदारानं तालाचं एक आवर्तन जास्त घेऊन त्याला कसं सांभाळायचं हे ट्रॅकवर शिकताच येत नाही. यूट्यूबच्या व्हिडिओचं पण हेच. त्यात आवाज नंतर साफ करता येतो, चांगलं तेवढंच ठेवता येतं, कॅमेरा मागच्या रांगेकडं फिरतच नाही. तो व्हिडिओ वाईट आहे असं नाही म्हणत मी, पण त्यावरनं घर सोडायचं ठरवू नको.

माइक बंद पडला, पट्टा सुटला, पडदा अडकला असं काही झालं तर कॉलेजचे मार्क कापू नकोस, उलट तेव्हा डोळे उघडे ठेव. माइक गेल्यावर पोरगी पुढं येऊन आवाज फेकून पद पूर्ण करते का, शेजारचा तिला जागा करून देतो का, हे एकदा जरी दिसलं ना तरी ते कॉलेज यादीत वर घे. बसायला मात्र अगदी मागची रांग, पुढं बसून सगळंच बरं ऐकू येतं.

श्रेयनामावली पूर्ण ऐक, छापील असेल तर घेऊन ये. गाणारी किती नावं, त्यातली पहिल्या वर्षाची किती, दिग्दर्शन शिक्षकांचं की शेवटच्या वर्षाच्या मुलांचं, पाहुणे कलाकार किती. प्रयोग संपल्यावर नायिकेला भेटायची गर्दी असते, तू सेट उचलणाऱ्या पोरांकडं जा आणि सरळ विचार की तुम्हाला वर्षात किती वेळा स्टेजवर उभं राहायला मिळालं, गाण्याचा रियाज रोज होतो की नाटक लागलं की मगच. थकलेली पोरं खोटं बोलत नाहीत.

आता नावांबद्दल. पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, 1987 पासूनचं, तिथं नाटक, संगीत आणि नृत्य एकाच आवारात शिकवतात हे तुझ्यासारखीला महत्त्वाचं, कारण रियाजाच्या खोल्या आणि तालमीची जागा शेजारी-शेजारी असली की माणसं एकमेकांकडनं शिकतात. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्र हा विभागच एकत्र आहे आणि बेळगावहून एसटीनं अडीच-तीन तासांत पोचतेस, तर तिथनं सुरुवात कर, सकाळी जाऊन रात्री परत येता येईल. मुंबई विद्यापीठाचा नाटकाचा कोर्स किंवा दिल्लीचं एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) हे ग्रॅज्युएशननंतरचं आहे, त्याची घाई आत्ता नको.

पण मला आणखी एक नाव घालावंसं वाटतं, तुझ्या यादीत नाही म्हणून. तुला कन्नड येत असणार, शाळेत शिकलीस. शिवमोग्गा जिल्ह्यात हेग्गोडूला नीनासम ही नाटकाची संस्था आहे, तिथं 1980 पासून रंगशिक्षण केंद्र चालतं, कोर्स साधारण वर्षभराचा आणि कन्नडमधनं. त्यांची तिरुगाट ही फिरती मंडळी कर्नाटकभर प्रयोग करत हिंडते, धारवाड-बेळगाव भागात आली की चुकवू नको, नाटकातलं गाणं नाटकाच्या आत कसं राहतं ते तिथं दिसेल. कन्नड म्हणून बिचकायचं कारण नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं त्याच्या आधी कर्नाटकातनं आलेल्या मंडळींचे खेळ सांगलीला झाले होते, तिथनं तर आपल्या नाटकाची सुरुवात झाली. आणि अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांनी पुण्यात पारशी कंपनीचं ‘इंद्रसभा’ बघितलं आणि मग 31 ऑक्टोबर 1880 ला ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं. दुसऱ्याचं गाण्याचं नाटक बघून आपलं काय करायचं ते ठरवणं, हे त्यांनी केलंय, तू करतेयस त्यात नवल काहीच नाही.

आणि लांब जायच्या आधी जवळचं बघ. चोर्ला घाट उतरलं की गोव्यात देवळाच्या उत्सवात गावकरी अजून रात्र-रात्र संगीत नाटक करतात, कामधंदा सांभाळून गाणारी माणसं. दोन-तीन बघितलीस की कान तयार होईल, मग कॉलेजचं नाटक बघताना तुलना करायला हाताशी काहीतरी असेल.

वेळेचं तेवढं सांभाळ. कॉलेजांची मोठी नाटकं बहुतेक जानेवारीनंतर, म्हणजे नेमकी तुझ्या परीक्षेच्या तोंडावर, त्यामुळं विभागात आत्ताच फोन करून ठेव, तारीख विचार, आणि प्रयोग जमत नसेल तर तालीम बघू द्याल का विचार. तालीम बघू देणारं कॉलेज मला तरी जास्त आवडतं. त्यांची इन्स्टाग्राम पेजं फॉलो कर, कित्येकदा तारीख चार दिवस आधीच कळते. गेलीस की ऑफिसातही डोकाव, पीयूसीवाल्यांना एलिजिबिलिटी, मायग्रेशनचे कागद कुठले लागतात आणि महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांच्या मुलांना ह्या कोर्सला काही सवलत लागू आहे का, हे लेखी घे, तोंडी नको.

बाबांना बरोबर घेऊन जा. आईला नको, ती तयार आहे. बाबांनी ती पोरं रात्री अकराला सेट आवरताना, शिक्षक त्यांच्याबरोबर खुर्च्या उचलताना बघू देत, मग घरी बोलणं सोपं जाईल. आणि बघून आलीस की मला परत लिही, नांदीत काय ऐकलंस ते आधी लिही.

प्रश्न : माझा मुलगा निपाणीत शिकतो, त्याला नाटकात लाइट आणि साउंड करायचं आहे, गाता अजिबात येत नाही. मित्रांबरोबर पुण्याला एका कॉलेजची म्युझिकल बघायला जायचं म्हणतोय, सगळं धरून दोन-अडीच हजाराचा खर्च. गाणं न येणाऱ्यानं गाण्याचं नाटक बघून काय मिळणार? साधं नाटक इथं जवळ बघितलं तर चालणार नाही का?
– एक पालक, निपाणी

उत्तर : दादा, तुमचा खर्चाचा मुद्दा बरोबर आहे, पण ह्या वेळी त्याला पाठवाच. उलट लाइट-साउंडवाल्यासाठीच गाण्याचं नाटक जास्त कामाचं. साध्या नाटकात नटाचा आवाज एवढंच सांभाळायचं असतं, इथं गाणारा गळा, ऑर्गन, तबला आणि मागचा कोरस हे सगळं एकाच वेळी आणि कुणीही कुणाला झाकणार नाही असं ठेवायचं असतं. पद सुरू होताना प्रकाश बदलतो तो कधी, पहिल्या सुरावर की तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, आणि तो बदल करणारा माणूस कागद बघून करतो की गाणं ऐकून, हे त्याला कळायला पाहिजे. तालाचा कान लाइटवाल्याला पण लागतो हो, गाता आलं नाही तरी.

त्याला एवढं सांगा, की स्टेजकडं नंतर बघ, आधी मागं वळून लाइट-साउंडच्या बूथमध्ये कोण बसलंय ते बघ. विद्यार्थी बसलाय आणि शिक्षक मागं उभा आहे, असं असेल तर ती जागा त्याच्या कामाची. भाड्यानं आणलेला ऑपरेटर बसलाय आणि पोरं वायरी गुंडाळतायत असं असेल तर शो कितीही देखणा असू दे, तिथं त्याला बोर्डाला हात लावायला कधी मिळेल हे स्पष्ट विचारून यायचं. किती दिवे कॉलेजच्या मालकीचे आणि किती भाड्याचे हेही विचारायचं, कारण मालकीचे असतील तर वर्षभर सरावाला मिळतात, भाड्याचे प्रयोगाच्या आदल्या दिवशी येतात आणि दुसऱ्या दिवशी जातात.

पैसे वाचवायचे असतील तर रात्रीची एसटी, संध्याकाळचा प्रयोग आणि परत रात्रीची एसटी, लॉज लागत नाही. आणि मध्यंतरात सगळे वडा खायला बाहेर गेले की त्यानं आत थांबायचं, दुसऱ्या अंकाचे माइक कोण कुणाला लावतंय ते त्या दहा मिनिटांत दिसतं.