कोल्हापुरात घटनास्थळाच्या सफाईचं काम (खून, आत्महत्या, कुजलेला मृतदेह) करिअर म्हणून सुरू करता येईल का?

येईल भावा, पण फक्त त्यावर घर चालणार नाही. अमेरिकेत याच्या वेगळ्या कंपन्या आहेत. आपल्याकडे पंचनामा झाला की पोलीस जातात आणि रक्त पुसायचं घरच्यांच्याच नशिबी येतं. म्हणजे गरज आहे, फक्त रोजची नाही. म्हणून डीप क्लिनिंग, पाण्याच्या टाक्या आणि महापुरानंतरचा गाळ काढणं हा मुख्य धंदा धर. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या शहरात ते काम कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पहिलं, हेपॅटायटीस बी (रक्तातून पसरणारा यकृताचा आजार) ची लस. तीन डोस, साधारण सहा महिने लागतात, म्हणून आजच सुरू कर. हातमोजे, गॉगल, एन-95 मास्क, गमबूट यात काटकसर नको.

खरी मेख रसायनात आहे. रक्तावर थेट हायपोक्लोराइट (जंतू मारणारं ब्लीच) ओतलं की त्याचा जोर रक्तातच संपतो. आधी शोषून, पुसून घ्यायचं, मग ताजं 1 टक्का द्रावण टाकून दहा मिनिटं तरी थांबायचं. बाटलीवर 5 टक्के असेल तर एक भाग त्याचा, चार भाग पाणी. गरम पाणी नको, डाग पक्का बसतो. आणि ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नकोस, क्लोरीन वायू होतो.

पोलिसांची लेखी परवानगी मिळेपर्यंत काडीलाही हात लावायचा नाही. पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा अंगावर येऊ शकतो. रक्ताळलेल्या गाद्या-कपडे घंटागाडीत टाकू नकोस, जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेशी आधीच बोलून ठेव.