कंपायलर बसला, हेडर कुठे गेले?

प्रश्न : दादा, मी डिप्लोमा सेकंड इयरला, घर देवगडजवळ. जुन्या लॅपटॉपवर विंडोज फारच रखडायला लागलं म्हणून डेबियन १२ हे लिनक्स टाकलं. पावसात आमच्याकडे रेंजची बोंब, म्हणून मित्राने रत्नागिरीहून पेनड्राइव्हवर जीसीसी या कंपायलरच्या डेब (इन्स्टॉल करायच्या) फाइली आणून दिल्या, त्या बसल्या पण. आता काहीही कंपाइल केलं की 'एसटीडीआयओ डॉट एच' सापडत नाही म्हणतं. एकजण म्हणाला जीसीसी सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडपासून बिल्ड कर, तर तिथे कॉन्फिगरच थांबतं, म्हणे सी कंपायलरला एक्झिक्युटेबल बनवता येत नाही. परत विंडोज टाकू का?

उत्तर : अजिबात नको. तुझे दोन्ही एरर एकाच जागेवरून येतायत. जीसीसी हा नुसता कंपायलर, प्रिंटएफ वगैरेचे हेडर (म्हणजे 'डॉट एच' फाइली) आणि लिंक करताना लागणाऱ्या फाइली येतात सी लायब्ररीतून, आणि डेबियनमध्ये त्याचं पॅकेज वेगळं आहे, लिबसी६-डेव्ह. जीसीसीचं पॅकेज त्याला फक्त 'रेकमेंड' करतं, सक्ती नाही, त्यामुळे मित्राने सक्तीचं तेवढं उचललं आणि हे राहिलं. नेटवरून इन्स्टॉल झालं असतं तर अ‍ॅप्टने, म्हणजे डेबियनच्या इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामने, न विचारता ओढून आणलं असतं.

तेव्हा रेंज मिळेल तिथे बसून 'सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल बिल्ड-एसेन्शियल' दे, यात जीसीसी, जी++ (सी++ चा कंपायलर), मेक, हेडर सगळं आलं. मध्येच रेंज गेली तर तीच कमांड परत दे, अर्धवट फाइल तिथूनच पुढे उतरते. मित्राकडूनच आणायचं असेल तर एक भानगड आहे, लिबसी६-डेव्हचं व्हर्जन तुझ्या मशीनवरच्या लिबसी६ शी तंतोतंत जुळावं लागतं, त्याच्याकडचं चालेलच असं नाही. म्हणून आधी तुझ्या मशीनवर 'सुडो अ‍ॅप्ट अपडेट' करून अ‍ॅप्ट-गेटला 'प्रिंट-युआरआयज' ऑप्शन दे, तो लागणाऱ्या फाइलींचे पत्ते छापतो, ती यादी मित्राला पाठव, तो नेमक्या त्याच उतरवेल.

सोर्सचं म्हणशील तर हौस चांगली आहे, पण ज्याने तुला आत्ता हे सुचवलं त्याने ते कधी केलेलं दिसत नाही! जीसीसी बिल्ड करायला आधी चालणारा कंपायलर लागतोच, आणि २०१३ च्या ४.८ पासून तो सी++ चा लागतो. वर जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या लायब्ररी हव्यात. मग तुझ्या कंपायलरने पहिला जीसीसी बनतो, पहिल्याने दुसरा, दुसऱ्याने तिसरा, आणि दुसरा-तिसरा सारखेच निघाले का ते ताडून बघतात. जुन्या लॅपटॉपवर यात कित्येक तास जातात, तेही लाइट टिकली तर. सबमिशन उरकू दे, मग कर.

आणि एक, कॉलेजात टर्बो सी++ असेल तर तिथले प्रोग्राम इथे जसेच्या तसे चालणार नाहीत. टर्बो सी++ पहिल्यांदा आलं १९९० ला, सी++ चं पहिलं स्टँडर्ड १९९८ चं, त्यामुळे त्याच्या सवयी त्याच्याच. कोनिओ डॉट एच आणि क्लिअरस्क्रीन लिनक्सवर नाहीतच, ते काढून टाक. व्हॉइड मेन जी++ घेतच नाही, इंट मेन लिही. टर्बोचा इंट २ बाइटचा, म्हणजे ३२७६७ वर गेला की फिरला, तुझ्याकडे तो ४ बाइटचा आहे, आउटपुट वेगळं आलं तर दचकू नको. परीक्षेत मात्र सर सांगतील तसंच लिही, वाद घालू नको.

प्रश्न : उबंटूवर प्रोग्राम नीट कंपाइल होतो, पण रन केला की 'परमिशन डिनाइड'. सगळं पेनड्राइव्हवरच ठेवते. — वेंगुर्ला

उत्तर : मग कारण तेच. पेनड्राइव्ह बहुतेक फॅट फॉरमॅटचा, आणि उबंटू तो अशा तऱ्हेने लावतं की त्यावर ईएक्सई, कॉम, बॅट शेपटीच्याच फाइलींना चालवायची परवानगी मिळते. सीएचमॉड (परवानगी बदलायची कमांड) करून काही होत नाही. फोल्डर होममध्ये कॉपी कर, तिथे कंपाइल कर, चालेल. पेनड्राइव्ह बॅकअपला ठेव.